मोठी गोळी की सौम्य गोळी? स्पर्धेसाठी सेंटरफायर पिस्तूल निवडताना

पॉइंट टू-टू (.२२) पिस्तुलावर हात बसला, गुण स्थिरावू लागले, की नेमबाजाला सेंटरफायरचे वेध लागतात. कोणतं घ्यावं असं चार जणांना विचारलं, तर चौघांकडून चार ब्रँड ऐकायला मिळतात. कोणी पार्डिनीचं नाव घेतो, कोणी वॉल्थरचं, एखादा जुना खेळाडू स्मिथ अँड वेसनच्या आठवणीत रमतो. ही सगळी नावं चांगलीच आहेत. पण नावापासून सुरुवात केली की निवड हमखास उलटी होते: आधी पिस्तूल येतं आणि मग त्याला शोभेल अशी स्पर्धा शोधावी लागते.

सेंटरफायर म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत सांगतो. .२२ च्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, म्हणून ते रिमफायर. सेंटरफायरमध्ये तळाच्या मधोमध प्रायमरची वेगळी छोटी टोपी बसवलेली असते. या एवढ्याशा फरकाने दोन गोष्टी साधतात. तळ जाड ठेवता येतो, त्यामुळे काडतूस जास्त दाब सोसतं आणि गोळी मोठी घालता येते. शिवाय उडालेली टोपी काढून नवी बसवता येते, म्हणजे पितळी केस (काडतुसाचं कवच) पुन्हा पुन्हा भरून वापरता येते. दुसरी गोष्ट दुकानात कोणाच्या डोक्यात येत नाही, पण हंगाम संपेपर्यंत खर्चाचा हिशेब तीच ठरवते.

आता नियमांकडे वळू. जागतिक स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या आयएसएसएफचा २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याला जुना मान आहे. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण घेऊन सुवर्ण जिंकलं, ते याच प्रकारात. ६० गोळ्या, एका हाताने, आधाराशिवाय. पहिल्या ३० संथ: पाच-पाच गोळ्यांच्या सहा मालिका, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. नंतरच्या ३० जलद: हात ४५ अंशांपेक्षा वर नाही अशा बेताने खाली धरायचा, लक्ष्य तीन सेकंद समोर येतं, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद लक्ष्य वळलेलं. असं पाच वेळा केलं की एक मालिका, अशा सहा.

पिस्तुलासाठीच्या अटी मोजक्या आहेत. कॅलिबर (नळीच्या भोकाचा व्यास) ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यान, वजन सगळ्या जोडण्यांसह १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. साइट उघड्याच, दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) चालत नाही. गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी, तांब्याचं आवरण असलेली नको, आणि जास्त जोराच्या मॅग्नम काडतुसांना मज्जाव.

या चौकटीत, इंचांत मोजलं तर, .३० पासून .३८ पर्यंत बरंच काही बसतं. तरीही गंभीरपणे खेळणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हेच काडतूस दिसतं, म्हणजे परवानगीच्या जवळपास तळाचं. १८९६ मध्ये रिव्हॉल्व्हरसाठी जन्मलेलं हे काडतूस लक्ष्यनेमबाजीत आजही टिकून आहे. त्यामागचं कारण समजलं की निवडीचं निम्मं काम झालंच म्हणायचं.

पहिलं कारण गुण मोजण्यात आहे. कागदी लक्ष्यावरचं भोक रेषेला शिवलं का, हे ठरवायला पंच त्यात एक गेज घालून बघतात. सेंटरफायरसाठी या गेजचा व्यास ९.६५ मिलिमीटर ठरलेला आहे, मग तुम्ही .३२ झाडा नाहीतर .३८. म्हणजे जाड गोळीला रेषा शिवण्याचा जो फायदा मिळाला असता, तो नियमानेच काढून घेतला आहे. गोळी मोठी घेऊन पदरात पडतो तो फक्त धक्का.

आणि हा धक्का मोजता येतो. गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार करा. धक्क्याचा ढोबळ अंदाज मिळतो. दारूच्या वायूचाही त्यात वाटा असतो, पण तुलनेसाठी एवढं पुरतं. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३१५ मीटरच्या आसपास. .३२ ची ६.४ ग्रॅमची, वेग साधारण २४०. .३८ स्पेशलची स्पर्धेतली गोळी ९.६ ग्रॅमची आणि वेग सव्वादोनशे. ९ मिलिमीटर पॅराबेलमची आठ ग्रॅमची, वेग साडेतीनशे. .४५ ची सौम्य भरलेली गोळी तेरा ग्रॅमची, वेग सव्वादोनशे ते २३५. .२२ चा धक्का एक धरला तर .३२ चा जवळपास दुप्पट, .३८ चा अडीचपटीहून थोडा जास्त, ९ मिलिमीटरचा साडेतीनपटीच्या जवळ आणि .४५ चा त्याहून थोडा वर येतो. ९ मिलिमीटरचं काडतूस दिसायला आटोपशीर असतं, म्हणून ते सौम्य असेल अशी अनेकांची समजूत होते. वेगामुळे ते सौम्य राहत नाही.

जलद टप्प्यातही दोन गोळ्यांमध्ये सात सेकंद मिळतात, मग धक्का थोडा जास्त असला तर बिघडलं कुठे, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. सावरायला वेळ मिळतो हे खरं. पण नुकसान गोळी सुटल्यानंतर होत नाही, सुटण्याआधी होतं. मेंदू धक्क्याची वाट बघू लागतो आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणभर आधी मनगट खाली दाबलं जातं. नेमबाज याला बिचकणं म्हणतात. हे तपासायचं असेल तर मित्राला मॅगझिनमध्ये (पिस्तुलाच्या काडतूसपेटीत) मधेच एखादं नकली काडतूस घालायला सांगा, कितवं ते न सांगता. ते आलं की धक्का नसतानाही पिस्तुलाचं तोंड खाली झुकलेलं स्पष्ट दिसतं. .२२ वर महिनोन्‌महिने कमावलेला शांत हात जड कॅलिबरच्या दोन-चार पेट्यांत बिघडू शकतो, आणि पूर्ववत व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

याला एक यांत्रिक बाजूही आहे. गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक सहस्रांश सेकंद घेते, आणि तेवढ्यात पिस्तूल मागे सरकायला लागलेलं असतं. बाराशे ग्रॅमचं पिस्तूल, बारा सेंटिमीटरची नळी आणि .३२ ची गोळी असा हिशेब केला तर ते सरकणं अर्धा ते पाऊण मिलिमीटर भरतं. .४५ मध्ये ते सव्वा मिलिमीटरच्या थोडं वर जातं. या सरकण्याच्या काळात मूठ प्रत्येक वेळी सारखीच घट्ट नसेल तर नळीचं तोंड दर वेळी वेगळीकडे जातं. सरकणं जितकं कमी, तितकी मुठीतली चूक पोटात घातली जाते.

.३८ स्पेशल वाईट आहे असं मात्र नाही. ते काडतूस अतिशय अचूक आहे आणि स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ५२ केवळ .३८ वॉडकटरसाठी बनवलं होतं. आजही ते हातात घेतलं की कारागिरी जाणवते. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची गोळी. कागदावर ती फाटका नव्हे तर पंचिंग मशीनसारखा गोल काप पाडते, त्यामुळे गुणांवरून वाद होत नाहीत. .३२ मध्येही तीच वापरतात. टोक नसलेल्या या गोळीला हवा फार अडवते, पण २५ मीटरवर त्याने काही अडत नाही.

पण यातूनच पिस्तुलाच्या यंत्रणेचा प्रश्न उभा राहतो. .३२ लाँग हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस, त्याच्या तळाला बाहेर आलेली कड असते. वर सपाट गोळी केसमध्ये पूर्ण बुडवलेली. असं बिनटोकाचं, कडेचं काडतूस मॅगझिनमधून उचलून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) ढकलणं हे कोणत्याही स्वयंचलित यंत्रणेला अवघडच. एकाची कड दुसऱ्याच्या मागे अडकली की अडथळा ठरलेला. म्हणून स्पर्धेची पिस्तुलं काडतुसाच्या बाबतीत लहरी असतात: एका कंपनीचं काडतूस लोण्यासारखं चालतं, दुसऱ्याचं दर तिसऱ्या मालिकेला अडकतं. नियम एका टप्प्यात एकच बिघाड माफ करतात. त्यामुळे विकत घेण्याआधी, जे काडतूस तुम्हाला वर्षभर मिळणार आहे तेच त्या पिस्तुलातून झाडून बघा, आणि एक मॅगझिन नाही, निदान शंभर गोळ्या. काडतूस मिळण्याची खात्री नसेल तर पिस्तूल कितीही नामांकित असो, माझ्या मते विषय तिथेच संपतो.

रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही. त्याचं चक्र हाताने फिरतं, त्यामुळे कितीही हलकं भरलेलं काडतूस चालतं आणि केस जमिनीवर शोधत बसावी लागत नाहीत. मानुरँचं एमआर ३२ किंवा स्मिथ अँड वेसनची के-३८ मालिका यांनी एके काळी उत्तम गुण दिले आहेत. सोव्हिएत नेमबाज तर ७.६२ मिलिमीटर कॅलिबरची टीओझेड-३६ आणि टीओझेड-४९ ही रिव्हॉल्व्हर वापरत. सात सेकंदांच्या सुट्टीत हॅमर (मागचा घोडा) ओढून ठेवता येतो, म्हणून जलद टप्पाही जमतो. पण पाच-सहा चेंबर नळीशी तंतोतंत एका रेषेत येणं हे कारागिरीवर अवलंबून, आणि प्रत्येक गोळीआधी हॅमर ओढताना पकड थोडी तरी हलतेच. जुनं, चांगलं रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळत असेल तर सुरुवातीला जरूर घ्या. पुढे मात्र बहुतेक जण स्वयंचलितकडे वळतात.

स्वयंचलितमध्ये दोन घराणी आहेत. एकात मॅगझिन मुठीत असतं आणि वरची अख्खी स्लाइड मागे-पुढे होते. दुसऱ्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं, नळी चौकटीला पक्की जोडलेली आणि आतला बोल्ट तेवढा हलतो. पार्डिनी एचपी आणि वॉल्थर जीएसपी दुसऱ्या घराण्यातल्या. यांच्यात मागची साइट जागेवरून हलत नाही, हलणारं वजन कमी, आणि वजनाचा झोक पुढे असल्याने तोंड शांत राहतं. पण मला सर्वात मोठा फायदा वेगळाच वाटतो: मुठीत मॅगझिन नसल्याने मूठ हवी तशी कोरता येते.

मूठ हा विषय दुकानात पाच मिनिटांत उरकला जातो आणि नंतर वर्षभर छळतो. हात उचलून डोळे मिटा, पिस्तूल स्वाभाविकपणे रोखा, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध आलेली दिसली तर मूठ तुमच्या हाताची. ती सतत एका बाजूला दिसत असेल, तर तीन सेकंदांच्या टप्प्यात दर वेळी ती दुरुस्ती करावी लागणार, आणि तेवढा वेळ नसतो. तळहाताखालची पाळ इतकीच घट्ट हवी की हात हलणार नाही, पण रक्तही थांबणार नाही. मूठ हाताला वेढा घालत असेल किंवा मनगटाला आधार देत असेल तर ती नियमात बसत नाही. नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच गेली पाहिजे, अशीही अट आहे. लाकडाची मूठ असेल तर कानस आणि लाकडाची लांबी (पुट्टी) वापरून ती हळूहळू आपलीशी करता येते. तपासणीच्या वेळी नवी लांबी ओली नसावी, एवढं बघा.

साइटचं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत का ताणतात, हेही आकड्यांतच समजतं. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर भरकटते. पाव मिलिमीटरची चूक म्हणजे २८ मिलिमीटर. संथ टप्प्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर. गेजची निम्मी जाडी धरली तर केंद्रापासून जेमतेम ३० मिलिमीटरपर्यंतची गोळी दहा मिळवून देते. म्हणजे साइटमधली पाव मिलिमीटरची चूक एकटीच दहा संपवत आणते. उलट हात न वळता अख्खाच्या अख्खा पाच मिलिमीटर बाजूला डोलला तर गोळीही फक्त पाचच मिलिमीटर बाजूला जाते. म्हणून मागच्या खाचेची रुंदी बदलता येणारं पिस्तूल घ्या. दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या पट्ट्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत, आणि संथ टप्प्यापेक्षा जलद टप्प्यात त्या थोड्या जास्त रुंद अनेकांना आवडतात. जलद लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं, तिथे डोळ्याला पटकन पकडता येणं जास्त मोलाचं.

ट्रिगरचं वजन नळी उभी धरून, ट्रिगरला १००० ग्रॅमचा भार टांगून तपासतात. तो उचलला गेला पाहिजे. नेमका हजारावर लावलेला ट्रिगर थंडीत किंवा धुळीने नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर घसरला तर सामना हातचा जातो, म्हणून तीस-चाळीस ग्रॅम जास्त ठेवणं शहाणपणाचं. दोन टप्प्यांचा ट्रिगर असेल तर पहिल्या टप्प्यात बराचसा भार उचलला गेलेला असावा आणि दुसरा काचेसारखा तुटावा. काहींना मात्र अखेरपर्यंत सरकत जाणारा रोलिंग ट्रिगर मानवतो. यात चूक-बरोबर काही नाही. फक्त तुमच्या .२२ चा आणि सेंटरफायरचा ट्रिगर सारखा हवा. म्हणूनच अनेक जण एकाच कंपनीच्या एकाच घडणीची .२२ आणि .३२ अशी जोडी घेतात: तीच मूठ, तोच कोन, तोच ट्रिगर. बहुतेक सराव स्वस्त .२२ वर करायचा आणि सामन्याआधी .३२ वर हात फिरवायचा.

पिस्तुलाची अचूकता किती असावी, यावर माणसं फार पैसे उधळतात. समजा तुमच्या हाताचा २५ मीटरवरचा ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा) ८० मिलिमीटर आहे आणि स्टँडला बांधलेलं पिस्तूल ३० मिलिमीटरचा ग्रुप देतं. दोन्ही मिळून ११० होत नाही. अशा चुका वर्गांच्या बेरजेने एकत्र येतात: ८० चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढलं की साधारण ८५. तीसऐवजी २० चं महागडं पिस्तूल घेतलं तर ८२. तीन मिलिमीटरसाठी एवढा खर्च? त्यापेक्षा त्या पैशांची काडतुसं घ्या. मात्र पिस्तूलच ६० मिलिमीटरचं असेल तर एकूण १०० होतात, आणि तेव्हा दोष पिस्तुलाचा असतो. पंचविशीच्या-तिशीच्या आत बसणारं पिस्तूल पुरेसं आहे. त्यापुढे चर्चा करण्यात मजा आहे, गुण नाहीत.

स्पर्धा बदलली की ही सगळी गणितं बदलतात. अमेरिकेतल्या बुल्सआय प्रकारात .२२, सेंटरफायर आणि .४५ असे तीन भाग असतात. संथ गोळ्या ५० यार्डांवर, जलद मालिकेत २५ यार्डांवर दहा सेकंदांत पाच. रेड डॉट चालतो. सेंटरफायरला ट्रिगर अडीच पौंडांचा, .४५ ला साडेतीन पौंडांचा किमान हवा. तिथे अनेक जण .३२ ऐवजी कोल्टच्या १९११ मॉडेलच्या घडणीचं .४५ च दोन्ही भागांत वापरतात, कारण एकच पिस्तूल, एकच ट्रिगर सांभाळावा लागतो आणि रेषेला शिवण्याचा जाड गोळीचा फायदाही तिथे मिळतो. हालचालीच्या आयपीएससी प्रकारात तर गोळीत किमान जोर असावाच लागतो आणि दोन्ही हात वापरता येतात; तिथे ९ मिलिमीटर राजा आहे आणि नाजूक .३२ कामाचं नाही.

कायद्याचं थोडक्यात: परवाना आणि कोणतं कॅलिबर ठेवता येतं हे पिस्तूल बघायच्या आधी तपासा. काही देशांत लष्कर आणि पोलीस वापरतात ती कॅलिबर नागरिकांना ठेवता येत नाहीत, आणि तसं असेल तर निवड तिथेच अर्धी होते.

काडतूस स्वतः भरायचा विचार असेल तर सवय शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली लावून घ्या. वॉडकटरच्या भरणात दारू केसचा थोडासाच भाग व्यापते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी वरून कळत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेडात डोकावून बघणं हा सर्वात सोपा उपाय आहे. शिशाची गोळी हाताळल्यावर खाण्याआधी हात धुवा.

जुनं पिस्तूल घेताना बाहेरची चकाकी बघू नका. स्पर्धेची पिस्तुलं हजारो गोळ्या झाडतात आणि आतले काही भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात: रिकॉइल स्प्रिंग, बोल्टला धक्का सोसणारा बफर, केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन. नळी सहसा त्या सगळ्यांना पुरून उरते. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: स्प्रिंग शेवटची कधी बदलली आणि सुटे भाग कुठून मागवता. बंद पडलेल्या मॉडेलच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डळमळीत आलं, तर पिस्तुलासोबत जादा मॅगझिन आणि स्प्रिंगचा संच त्याच सौद्यात मागा.